पुंजाबाई आणि गिऱ्हानातलं अंडं

माझी सासू पुंजाबाई बसून जेवल्याचं मला आठवत नाही. ज्वारीची भाकरी डाव्या तळहातावर, तिच्यावरच मिरचीचा ठेचा, आणि ही अंगणात फिरते आहे. एक घास खायचा, खुराड्यात डोकावायचं. दुसरा घास, कुडाची निसटलेली काडी आत खोचायची. तिसऱ्यातला अर्धा कोंबड्यांना. लग्न होऊन मी पुसदकडून कळंबजवळच्या त्या गावी आले, त्या दिवशी मी भीतभीत म्हटलं होतं, "आत्याबाई, बसा नं जरा."

"बसून काय होते?" ती म्हणाली आणि चालती झाली.

हे उत्तर तिच्या तोंडी कायम असे. पाय दुखतात म्हणून कुरकुरायची, मी म्हणायचे बसा, की हेच. पाऊस लागून राहिला, वावरात जाता येत नाही, तरी हिचं घरातल्या घरात इकडचं तिकडे चाललेलं. पहाटे माझ्याआधी उठलेली असायची आणि रात्री माझा डोळा लागेपर्यंत तिच्या हातातली पाटली कुठंतरी वाजत असायची. सुरुवातीला मला वाटे, माझंच काही चुकतंय. मग कळलं की ती माझ्यावर चिडत नाही, कोणावरच चिडत नाही. तिच्या अंगातच काहीतरी सुटं झालेलं आहे आणि ते तिला एका जागी राहू देत नाही.

घरात आम्ही दोघीच. सासरे मी यायच्या आधी वारलेले. माझे यजमान वणीकडे कोळशाच्या खाणीत कामाला, सणावाराला तेवढे यायचे. आम्ही दोघी लोकांच्या वावरात निंदणी, वेचणीला जायचो. आणि अंगणात कोंबड्या होत्या. त्या पुंजाबाईच्या. त्यांच्यात मी हात घातलेला तिला चालत नसे. तांबडी, कबरी, उघड्या मानेची, जिला आम्ही लांबी म्हणायचो ती, आणि एक म्हातारी काळी, जी अंडी द्यायची थांबली होती पण तिला कापायचं नाव कोणी काढायचं नाही.

कोंबड्यांशी ती माणसांपेक्षा जास्त बोलायची. "काहून वं, आज कायचा रुसवा?" "कबरे, तुहं ध्यान अंड्यात नाही, उकिरड्यात हाय." तांबडीवर तिचा विशेष जीव. तांबडी मोठी मानी होती. अंडं द्यायची वेळ आली की कोपऱ्यातल्या तिच्या फुटक्या टोपलीत कोणी दुसरी बसलेली तिला खपायची नाही. टोचून टोचून उठवायची, मग चारदा गोल फिरून, कडबा पायाने सारून, ऐटीत बसायची. पुंजाबाई मला म्हणायची, "इले पाह्य. बसाव तं असं बसाव." स्वतःला जे जमत नव्हतं त्याचं तिला कौतुक होतं.

नागपूरला जाऊन वस्तीने दीक्षा घेतली त्याला तेव्हा दुसरं वर्ष होतं. पुंजाबाई स्वतः गेली होती. बैलगाडीने, मग पायी, मग मिळेल त्या गाडीने. परत आली आणि दुसऱ्या दिवशी घरातले देव टोपलीत भरून तिनेच नाल्यात सोडले. कोणी सांगायची वाट पाहिली नाही. पण ती खोटं बोलणारी बाई नव्हती. एकदा भाकरी थापताना ती मला म्हणाली, "देव तं नाल्यात सोडले मी. पण हे भेव कुठं सोडू, सांग बरं?"

कसलं भेव, ते मी तेव्हा विचारलं नाही. मला एवढंच ठाऊक होतं की माझ्या यजमानांच्या आधी तिला एक मुलगा झाला होता आणि तो तान्हेपणीच गेला. त्याच्याबद्दल घरात कोणी बोलत नसे.

त्या वर्षी चैत्रात मला दिवस गेलेले होते, पोट चांगलं दिसू लागलं होतं. मोहफुलं वेचायचे दिवस होते. पहाटे मोहाखाली वाकायला मला जड जायचं म्हणून पुंजाबाई माझ्या वाटची फुलंही वेचायची. तिथंच एका बाईने बातमी सांगितली, की येत्या अवसेला सूर्याला गिऱ्हान आहे, सकाळचं, दिवस निघाला की लगेच.

वस्तीत एकदम दोन तट पडले. तरणी पोरं म्हणाली, आता आपल्याला गिऱ्हानबिऱ्हान काही नाही, कोणी दान मागायला जायचं नाही, कोणी काही पाळायचं नाही. बाया मान हलवायच्या आणि घरी येऊन एकमेकींच्या कानाला लागायच्या. मला तर प्रत्येकीने बाजूला घेऊन सांगितलं. चिरू नको, कापू नको, सुई हातात धरू नको, उताणी पडून राहा, सावलीसुद्धा पाहू नको. लेकराचं वाटोळं होतं.

मी पुंजाबाईला विचारलं, "आत्याबाई, मी काय करू? पाळू का नको?"

तिच्या हातात झाडू होता. तिने तो ठेवला, पुन्हा उचलला. "मले नोको इचारू," म्हणाली. "मी कोन सांगनारी? तुले वाटन ते कर."

आणि मग ते दोन दिवस तिने जे घर डोक्यावर घेतलं! झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं. भरलेला रांजण रिकामा करून पुन्हा भरला. आदल्या संध्याकाळी खुराड्याचं दार लावताना ती कितीतरी वेळ तिथं उभी होती. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणाली, "उद्या याइले सोडाव का कोंडून ठेवाव, तेच इचार करून राह्यली." मग दगड लावला आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "सोडतो. याइले कोनं काही शिकवलं नाही. ह्या काय करते ते पाह्यतो."

सकाळी तिने रोजच्या वेळेला दगड काढला. कोंबड्या रोजच्यासारख्या पंख झाडत बाहेर आल्या. मी घरात होते. कोणी सांगितलं म्हणून नव्हे. भीती वाटत होती म्हणून. दार अर्धं लोटून मी फटीतून अंगण पाहत होते. वस्तीत एक माणूस दिसत नव्हता. तरणी पोरं काल मोठ्याने बोलत होती, तीही आज कुठं दिसेनात. फक्त पुंजाबाई अंगणाच्या मधोमध उभी, पदर कमरेला खोचलेला, तोंड सूर्याकडे नाही, कोंबड्यांकडे.

थोड्या वेळाने ऊन बदललं. अंधार वगैरे झाला नाही. ऊन होतंच, पण पाणी घालून पातळ केलेल्या दुधासारखं. त्यात ऊब नव्हती. कोंबड्या उकरता उकरता थांबल्या. कबरीने मान तिरकी करून एक डोळा वर लावला आणि तशीच राहिली. लांबीने घशातल्या घशात तो लांब सूर काढला, जो घार दिसल्यावर काढतात, पण पळाली नाही, कारण पळायचं कशापासून ते तिलाही दिसत नव्हतं. कोंबडा आरवला. एकदा आरवून झालेला, तो परत आरवला आणि मध्येच थांबला, जणू त्यालाच खात्री नव्हती. म्हातारी काळी तेवढी चालत खुराड्याच्या दाराशी गेली, आत पाहिलं, आणि तिथंच उंबऱ्यावर उभी राहिली. ना आत, ना बाहेर.

"काय वं," पुंजाबाई हळूच म्हणाली, "तुले बी समजून नाही राह्यलं?"

तेवढ्यात तांबडी आली. रोजच्या वेळेला, रोजच्या वाटेने. टोपलीजवळ गेली, चारदा गोल फिरली, कडबा सारला आणि बसली. पुंजाबाई तिच्याकडे बघत राहिली. मग दोन पावलं पुढं गेली, मागं आली. तिला वाटत होतं तिला उठवावं. हात पुढं गेलेला मी पाहिला. पण तिने हात मागं घेतला.

मी फटीतून मागं वळले तर माझ्या घरातच नवल झालं होतं. कुडाला जिथं जिथं माती निघून भोकं पडली होती तिथून कवडसे आत येत होते. रोज ते गोल असायचे. आज प्रत्येक कवडसा कोरीच्या आकाराचा होता, चवथीच्या चंद्रासारखा. समोरच्या भिंतीवर, धान्याच्या कणगीवर, माझ्या लुगड्यावर. पोटावरसुद्धा एक होता. मी हाताने तो झाकला तर तो हातावर आला. लपायचं म्हणून मी घरात बसले होते, आणि गिऱ्हान माझ्याआधीच आत येऊन बसलं होतं. मला भीती वाटायला हवी होती. उलट अंगावरचं ओझं कोणी उतरवून घ्यावं तसं वाटलं.

त्याच वेळी बाहेर आवाज आला. "पुंजे! अवं पुंजे!"

वच्छलाबाई होती. गावातली मोठी शेतकरीण, आम्ही वर्षभर जिच्या वावरात राबायचो ती. स्वतःच्या पायाने ती वस्तीत कधी आलेली कोणी पाहिली नव्हती. आज हातात ज्वारीने भरलेलं सूप, डोक्यावरचा पदर घसरलेला, श्वास लागलेला. आमच्या अंगणाच्या कडेला येऊन ती थांबली.

"कोनीच आलं नाही वं गावात," ती म्हणाली. "सकाळपासून दारात सुपं घेऊन बसलो आम्ही. एकजन ओरडलं नाही. दान घेतल्याबिगर सुटन कसं ते?"

हे समजायला थोडं सांगायला हवं. गिऱ्हान लागलं की आमच्या लोकांनी गावात फिरून 'दे दान, सुटे गिऱ्हान' असं ओरडायचं, गावाने सुपातलं धान्य झोळीत टाकायचं, आणि धान्याबरोबर गावावरची पीडा आमच्या झोळीत यायची. पिढ्यान्‌पिढ्या असं चाललेलं. दीक्षेनंतरचं हे पहिलंच गिऱ्हान होतं.

"ते आम्ही सोडलं आता, बाई," पुंजाबाई म्हणाली.

"तुमचं तुम्ही सोडा. माह्या सुनेले सातवा लागला. घरात कोंडून ठेवली मी तिले, रडून राह्यली ती. तू फक्त एवढं सूप घे. ओरडू नोको पाह्यजे तं. घे नं वं, पाया पडतो तुह्या."

ती खरंच वाकली. पुंजाबाई मागं सरकली. तिची नजर सुपातल्या ज्वारीवर गेलेली मला दारातून दिसली. मला वाटलं, आता ही सूप घेते. घेतलं असतं तर मी तिला दोष दिला नसता. उद्यापासून काम कोण देणार होतं आम्हाला?

"वच्छलाबाई," ती म्हणाली. पहिल्यांदा तिने तिला नावाने हाक मारलेली मी ऐकली. "माह्या पयल्या पोराच्या वक्ताले असंच गिऱ्हान होतं. मले बी सातवाच होता. तुह्या सासूनं तुले घरात कोंडून ठेवलं होतं, आठवते? अन् माह्या सासूनं मले झोयी देऊन धाडलं. तुमच्या सुना घरात, अन् मी पोट घेऊन तुमच्या दारात. तुह्याच हातानं मले तू दाने घातले, दाराच्या फटीतून."

वच्छलाबाईने सूप छातीशी धरलं.

"पोरगं झालं तं वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला. टाळू बी फाटलेली. त्याले पेताच नाही आलं. दूध पाजलं तं नाकातून बाहेर. भुकेनं गेलं ते, माह्या मांडीवर, माह्या छातीत दूध असून. अन् मंग गावातल्या सगळ्या बाया काय म्हनाल्या? पुंजे, तू गिऱ्हानात बाहेर काहून गेलती?"

हे मी पहिल्यांदा ऐकत होते. माझे हात पोटावर होते. मी काही ठरवलं नाही, पण माझे पाय उंबऱ्याबाहेर पडले आणि मी अंगणात, त्या पातळ उन्हात, तिच्याजवळ जाऊन उभी राहिले.

"अवं आत जाय! आत जाय!" वच्छलाबाई किंचाळली. तिने स्वतःच्या पदराने माझ्या पोटावर सावली धरायचा प्रयत्न केला. आजही तिचा तो हात मला आठवतो. ती वाईट बाई नव्हती. ती खरोखर घाबरली होती, माझ्याही लेकरासाठी.

पुंजाबाईने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा इतका पांढरा पडलेला मी पुन्हा कधी पाहिला नाही, तिच्या मरणातही नाही. मला वाटलं ही मला आत ढकलणार. तिने माझा दंड धरलाही. तेवढ्यात मागं तांबडी कलकलाट करत टोपलीतून उठली. अंडं दिल्यावर करतात तोच रोजचा डांगोरा. कबरी तिला साथ देऊ लागली, कोंबडाही मिसळला. त्या गप्प झालेल्या वस्तीत तो आवाज केवढा मोठा वाटला! पुंजाबाईने माझा दंड सोडला, टोपलीतून अंडं उचललं आणि माझ्या हातात ठेवलं. ओलसर होतं, चांगलं गरम होतं.

"धर," म्हणाली. "इथंच राह्य माह्याजवळ."

वच्छलाबाई सूप तसंच भरलेलं घेऊन परत गेली. आम्ही दोघी ऊन पुन्हा जाड होईपर्यंत अंगणात उभ्या होतो. कोंबड्या केव्हाच उकरायला लागल्या होत्या.

ते अंडं तिने खाऊ दिलं नाही की विकलं नाही. काही दिवसांनी कबरी खुडूक झाली, टोपली सोडीना. तेव्हा पुंजाबाईने इतर अंड्यांबरोबर हेही तिच्याखाली ठेवलं. कोळशाने त्याच्यावर काळी खूण केली. "पाह्यतो ह्याच्यातून काय निंघते," म्हणाली. गिऱ्हानातल्या अंड्याचं पिल्लू लुळंपांगळं निघतं का, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. त्या काळात गावातून आम्हाला कामाचं बोलावणं येणं बंद झालं होतं. मोहफुलं, डिंक, उरलीसुरली अंडी यांवर भागत होतं. पण तिची सगळी घालमेल कबरीखालच्या त्या एका अंड्यापाशी. दिवसातून कितीदा तरी जायची, कबरी चोच मारायची, ही शिव्या देऊन परत यायची.

अंडी फुटायला लागली त्या दिवशी तिने मला हाक मारली. कबरीला उचलून पाहतो तर खूण कुठंच नाही! कोंबडी अंडी रोज उलटीपालटी करते, पोटाशी घासते, त्यात कोळसा कधीच पुसून गेला होता. पिल्लं एक सोडून सगळी निघाली, सगळी धडधाकट. एक अंडं मात्र सडलेलं होतं. आता ते गिऱ्हानातलं होतं की दुसरं, कोण सांगणार?

मला हसू आलं. ती हसली नाही. सडलेलं अंडं हातात घेऊन उलटंसुलटं करून पाहत राहिली. मग उकिरड्यावर फेकून आली. संध्याकाळी पिल्लं कबरीच्या पंखाखाली शिरत होती, एकेक डोकं बाहेर काढून पुन्हा आत. ती पाहत उभी होती. "कोनतं गिऱ्हानाचं, तिले बी मालूम नाही," म्हणाली. "समदे सारखेच घेतले पोटाखाली."

पावसाळ्यात मला मुलगी झाली. सुईण काही बोलायच्या आत पुंजाबाईने कंदील जवळ आणला आणि बोटाने लेकराच्या वरच्या ओठावरून, मग तोंडात घालून टाळूवरून, हळूच चाचपून पाहिलं. सगळं जागेवर होतं. मुलगी तिचं बोट चोखायला लागली.

मला वाटलं, आता हिचा जीव थंड होईल. झालं उलटंच. ती दाराशी जाऊन बसली आणि अशी रडली की सुईण घाबरली. मी पडल्या पडल्या विचारलं, "काय झालं आत्याबाई? चांगली आहे न पोरगी?"

"पोरगी चांगली हाय," ती म्हणाली. "तू गिऱ्हानात उभी राह्यली तरी चांगली हाय. मंग माह्या पोराले कायनं झालतं?"

इतकी वर्षं तिच्याजवळ निदान एक कारण होतं. मागं टाकता येत नव्हतं, पण धरून राहता येत होतं. आता तेही गेलं. वच्छलाबाईच्या सुनेलाही निरोगी मुलगा झाला. श्रावणात तिच्याकडून निंदणीचं बोलावणं आलं आणि आम्ही गेलो, दोन्हीकडून त्या सकाळचा कोणी उल्लेख केला नाही. पण पुंजाबाईचं फिरणं वाढलं. भेटेल त्याला ती विचारायची. बाजारात, नात्यात, वैदूला. कोणी म्हणे वरच्याची मर्जी, कोणी म्हणे मागच्या जन्माचं. ती म्हणायची, "मले मागचा जलम नोको सांगू. ह्याच जलमातलं सांग."

काही वर्षांनी माझी मुलगी तापाने फणफणली म्हणून आम्ही तिला यवतमाळला सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. वऱ्हांड्यात बायांची गर्दी होती. कोपऱ्यात एक कोवळी पोर, अठराएक वर्षांची असेल, लेकरू पदराखाली झाकून भिंतीकडे तोंड करून बसलेली. लेकरू रडलं तसा पदर सरकला. पुंजाबाई माझ्याजवळून निघून गेली ते मला कळलंही नाही. पाहते तर ती त्या पोरीसमोर उभी, आणि लेकराचा ओठ फाटलेला.

जवळून नर्सबाई चालल्या होत्या. पुंजाबाईने त्यांचा हातच धरला. "बाई, हे कायनं होते? खरं सांगजा."

नर्सबाई घाईत होत्या, पण थांबल्या. म्हणाल्या, "पोटात असतानाच ते नीट जुळत नाही, आजी. कोणामुळे होत नाही. कोणाची चूक नसते. नागपूरला शिवून देतात, जरा मोठं झालं की."

"गिऱ्हानानं?"

"नाही हो. गिऱ्हानाचा काय संबंध?"

"मायनं काही केल्यानं?"

"नाही."

पुंजाबाईने हात सोडला. मग ती त्या पोरीच्या शेजारी फरशीवर मांडी घालून बसली, जणू तिला दुसरीकडे कुठं जायचंच नव्हतं. "आडवं नोको पाजू," ती सांगू लागली. "उभं धर त्याले. असं. दूध काढून घे अन् चमच्यानं, थोडं थोडं, गालाच्या बाजूनं सोड. नाकातून आलं तं भेऊ नोको, पुसून टाक अन् पुन्हा दे. नागपूरले नेजा." पोर तिच्याकडे बघत होती. "अन् तुले कोनी काही म्हनलं तं आयकू नोको. तुही चूक नाही. आयकलं का? तुही चूक नाही."

माझ्या मुलीला औषध मिळेपर्यंत ती तिथंच होती. तिला उठवायला मलाच जावं लागलं.

परतीच्या एसटीत मुलगी माझ्या मांडीवर झोपली होती, ताप उतरत होता. पुंजाबाई खिडकीशी. कळंब जवळ आलं तेव्हा ती एकदम म्हणाली, "सुखदेव."

"काय?"

"त्याचं नाव. मी ठेवलतं मनातल्या मनात. बारसं झालं नाही, म्हनून कोनाले सांगतलं नाही."

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. ताप आला, दोन दिवस अंथरुणावर होती, तिसऱ्या दिवशी सकाळी संपली. यजमान वणीहून पोहोचले, वस्ती जमली, आणि दूरगावची एक बाई माझ्याजवळ येऊन बसली. तिने पुंजाबाईला तरुणपणी ओळखलं होतं. रडता रडता तिने विचारलं, "लेकरं किती होते वं तिले? एकच न?"

"दोन," मी म्हटलं. "थोरले सुखदेव. अन् धाकटे आमचे हे."